डावीकडे वळताना

सरळ जाताना काही नाही.
डावीकडे वळलं की टक् टक् टक्,
जसं कुणी दाढेखाली सुपारी धरून बसलंय
आणि फोडत नाही.

निकेश भोईरची गाडी. दोनच सीटं, जमिनीला चिकटलेली,
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटमधून आलेली,
गोठिवलीच्या गतिरोधकांवर पोट खरवडत
रबाळ्याच्या माझ्या शेडपर्यंत.
लिफ्टवर चढवली तेव्हा निजाम म्हणाला,
उस्ताद, वरून नवरी, खालून जुना मचवा.

आवाज डावीकडच्या वळणाला, दुखणं उजव्या चाकात.
रबरी बूट फाटलेला, आतलं ग्रीस
चाकाच्या कमानीवर उडून वाळलेलं,
जिथं ग्रीस नाही तिथं गंज,
पापुद्र्यावर पापुद्रा.

आधी खडू.
लांब शाफ्ट उतरवण्याआधी पिवळी रेघ,
अर्धी शाफ्टवर, अर्धी फ्लँजवर,
परत बसताना दोघांनी एकमेकांना ओळखावं म्हणून.
ही रेघ मी एकदा विसरलो होतो, कळव्याला,
बावीस वर्षांचा होतो;
गाडी ऐंशीच्या पुढे गेली की थरथरायची.
गिऱ्हाईक काही बोललं नाही,
माझा हात धरून फक्त स्टिअरिंगवर ठेवला.

मग पुढचा अ‍ॅक्सल.
नट सुटला, शाफ्ट हबमधून सुटेना.
निजामनं घण उचलला. ठेव म्हटलं खाली,
दात्यात दाते गंजलेत,
ठोकलंस तर टोक छत्रीसारखं पसरेल.
तेल सोडलं. चहा मागवला.
संध्याकाळी पुन्हा तेल.

दुसऱ्या दिवशी निकेशबरोबर त्याचा बाप आला, जोमा.
खुर्ची दिली तर टायरवर बसला.
मग उठून लिफ्टखाली गेला,
कमानीत बोट फिरवलं
आणि ते बोट जिभेला लावलं.

निकेश ओरडला, बाबा!
म्हातारा डोळे मिटून चव घेत राहिला.
"खारीचा हाय ह्यो. आपल्याच."
तीस वर्षं मिठागरात वाफे तुडवलेला माणूस.
गाडी दोन वर्षं खाडीकडच्या इमारतीखाली उभी होती
हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.
"येलेवर पानी सोरला नाय तं मीठ करू होतं,
गारीचा पन तसाच," म्हणाला, आणि परत टायरवर.

त्यानंतर दहा मिनिटांत शाफ्ट निघाला.
ह्याचा त्याच्याशी संबंध नाही,
तेल रात्रभर मुरलं होतं.
पण निजाम म्हाताऱ्याकडे
वेगळ्याच नजरेनं बघायला लागला.

सांधा उघडला. सहा गोळ्या
अंड्यांच्या ट्रेमध्ये ओळीनं मांडल्या,
ज्या खाचेतली गोळी त्याच खाचेत जायला हवी.
पाच आरशासारख्या.
सहावीला सुईच्या टोकाएवढा खड्डा.
एवढ्यासाठी सगळं वळण बोंबलत होतं.
आणि खड्डा पडला की सांधाच बदलायचा,
म्हणजे ओळ लावलेली फुकट.
सवय जात नाही.

नवा सांधा कुर्ल्याहून यायला चार दिवस.
काळं ग्रीस बोटांनी आत आत दाबलं,
बूट, पट्टी, नवा नट;
पिवळी रेघ पिवळ्या रेघेला लागली.
पाना कट्ट बोलला तेव्हा थांबलो.

ट्रायलला निकेश निघाला तर जोमा आधीच आत,
पट्टा कुठे लावायचा ते शोधत.
दोनच सीटं. निकेश शेडच्या दारात राहिला,
मोबाइल हातात, नवरदेवासारखा.

पहिलं डावं वळण. काही नाही.
दुसरं. म्हातारा कान देऊन बसलेला.
"मंग वाजत होतां ते गेलां कुठं?"
डब्यात आहे, म्हटलं, पाहिजे तर घेऊन जा.

मग त्यानं समोर बोट दाखवलं,
जिथं रस्ता संपतो आणि खारफुटी सुरू होते.
तिकडचा वारा मला माहीत आहे.
नवं रबर, नवं ग्रीस, पाचशे रुपयांचा नट,
सगळं घेऊन मी तिकडेच वळलो,
डावीकडे.